आकड्यामागचं कारण शोध

चि. मनू,


राजाच्या रक्ताचा रिपोर्ट पाहिला. कॅल्शियम १३.८ आलंय, मोठ्या कुत्र्यात ते साधारण ९ ते ११.५ असतं. ‘दूध बंद करू का?’ असं तू विचारलंस. दूध-पोळीनं मोठ्या कुत्र्याचं कॅल्शियम इतकं चढत नाही. वाढलेलं कॅल्शियम हे लक्षण आहे. आजार कुठेतरी वेगळाच असतो आणि तो शोधणं हाच अर्धा उपचार.

आधी उपाशीपोटी पुन्हा रक्त तपासून घे. रक्तात चरबी असली की आकडा चुकू शकतो. सोबत ‘आयनाइज्ड कॅल्शियम’ही करायला सांग, कारण शरीरात काम करतं ते तेच. तेही वाढलेलं निघालं, तर शोध सुरू. कुत्र्यांत याचं सर्वांत नेहमीचं कारण लिम्फोमा, म्हणून डॉक्टर जबड्याखाली, खांद्यापुढे, गुडघ्यामागे गाठी चाचपतील. गुदद्वाराजवळच्या ग्रंथींतली गाठ अनेकदा बाहेरून दिसत नाही, बोट घालूनच कळते. ती तपासणी टाळू देऊ नकोस. शिवाय किडनी, अ‍ॅडिसनचा आजार आणि गळ्यातल्या पॅराथायरॉईड ग्रंथी पाहाव्या लागतात.

घरही तपास. आपल्याकडे ‘ड’ जीवनसत्त्वाच्या ६०,००० युनिटच्या गोळ्या घरोघरी असतात. दहा किलोच्या कुत्र्यानं अशी एकच गोळी चावून खाल्ली तरी त्रास होऊ शकतो. उंदराची काही औषधं आणि सोरायसिसची काही मलमंही याच वाटेनं घात करतात. असं काही सापडलं तर वेष्टन डॉक्टरांना दाखव.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेव. निदान होण्याआधी स्टेरॉइड सुरू करू देऊ नकोस. त्यानं कॅल्शियम उतरतं, पण लिम्फोमाच्या गाठीही दबतात आणि नंतर तपासणीत आजार हाती लागत नाही. तोवर सलाईन देता येतं. शरीरात पाणी पुरेसं झालं की लघवी वाढवणारं औषध, आणि गरज पडली तर हाडांतून कॅल्शियम सुटणं रोखणारं इंजेक्शनही देता येतं.

राजा सारखं पाणी पितो, घरात लघवी करतो, म्हणून त्याचं भांडं उचलून ठेवतेस असं लिहिलंयस. ते आजपासून बंद. वाढलेल्या कॅल्शियममुळे किडनीला पाणी धरून ठेवता येत नाही, म्हणून तो पितो. पाणी तोडलंस तर रक्त घट्ट होईल, कॅल्शियम आणखी चढेल आणि किडनी कायमची बिघडू शकेल.

लिम्फोमाचं नाव ऐकून खचू नकोस. पॅराथायरॉईडची गाठ असेल तर शस्त्रक्रियेनं बहुतेक कुत्री बरी होतात. फक्त त्यानंतर काही दिवस कॅल्शियम फार खाली जाऊ शकतं, म्हणून दवाखान्यात नजरेखाली ठेवतात.

उद्या सकाळी त्याला घेऊन जा. उलट्या झाल्या, अंग थरथरलं किंवा तो उठेनासा झाला, तर सकाळची वाट पाहू नकोस, रात्रीच नीघ.

तुझा,
काका