झिजलेल्या मुठीचे चित्र

पक्कड, करवत, थापी हे काही चित्राचे विषय नव्हेत, ही समजूत आपल्याकडे अजून पक्की आहे. हत्यार रेखाटायचेच तर माहितीपुरते. अठराव्या शतकात दिदरोच्या फ्रेंच विश्वकोशाने चित्रांचे ११ खंड काढले आणि त्यांत कारागिरांची हत्यारे बारकाईने दाखवली. ती चित्रे देखणी आहेत, पण त्यांतले हत्यार कोरे, कोणाच्याच हातात न गेलेले वाटते. त्याशेजारी जिम डाइन या अमेरिकन चित्रकाराने १९७३ मध्ये कोळसा आणि ग्रॅफाइटने काढलेली हत्यारे ठेवून पाहावीत. सिनसिनाटीत त्याच्या आजोबांचे हार्डवेअरचे दुकान होते. या वस्तू त्याच्या लहानपणापासूनच्या ओळखीच्या. भोवती कोळशाचे डाग आणि पुसट रेघा ठेवून तो एकेक हत्यार कागदावर मांडतो. ते कसे वापरायचे हे त्यावरून शिकता येत नाही, पण त्याच्याकडे किती निरखून पाहिले आहे ते कळते. खिळा ठोकताना नजर खिळ्यावर असते, हातोडीवर नसते. वापराने अदृश्य झालेली ही वस्तू डोळ्यांपुढे थांबवणे हे माहितीचे काम नाही, कलेचेच आहे.

मग फोटो का पुरू नये? वॉकर इव्हान्सने १९५५ मध्ये ‘फॉर्च्यून’ मासिकासाठी साध्या हत्यारांचे फोटो काढले आणि गवंड्याची थापीही किती डौलदार असते ते दाखवले. त्याने घाटाचे सौंदर्य सिद्ध केले, यात शंका नाही. पण रेखाटणाऱ्याला मुठीचा प्रत्येक उतार हाताने पुन्हा घडवावा लागतो, कुठे जाड, कुठे निमुळते हे ठरवावे लागते. ते हत्यार घडवणाऱ्याने घेतलेले निर्णय त्याला असे एकामागून एक भेटतात. याहून गंभीर आक्षेप वेगळा आहे: हत्यार भिंतीवर येते आणि राबणारा माणूस चौकटीबाहेर राहतो. हा धोका खरा आहे. दुकानातली नवी कोरी वस्तू काढली तर तसेच होईल. चांभाराच्या रापीची झिजलेली मूठ, सतत धार लावून अरुंद झालेले खुरप्याचे पाते काढले, तर तो माणूस चित्रात येतो, आणि त्याच्या गरिबीचे प्रदर्शनही मांडावे लागत नाही.

महाराष्ट्रात एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षांना दरवर्षी असंख्य मुले बसतात, वस्तू समोर ठेवून चित्र काढतात. कलाशिक्षकांनी त्यांच्या सरावासाठी वापरातला ओळंबा, रंधा, खुरपे समोर ठेवावे, आणि ते पुसून चकचकीत करू नये.