बेरीज

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात ब्लूमिंग्टन नावाचं शहर आहे. स्टेट फार्म या विमा कंपनीचं मुख्य कार्यालय तिथलंच. त्या काळी त्या देशात सर्वांत जास्त मोटारींचा विमा हीच कंपनी उतरवत असे, त्यामुळे कुठल्याही राज्यात गाडी ठोकली किंवा उलटली, तर तिचा कागद या कंपनीच्या दप्तरात येऊन पडण्याची शक्यता बरीच. 1998 च्या जुलैमध्ये दावे पाहणाऱ्या एका सहकाऱ्याने संशोधन विभागातल्या सॅम बॉयडेन यांच्याकडे चौकशी केली, की धावत्या गाडीच्या फायरस्टोन टायरचा वरचा पट्टा सुटून आल्याचं एक प्रकरण आलंय, असं पूर्वी कधी झालंय का?

हा प्रश्न सहज टाळता आला असता. टायर फुटतच असतात, आणि लाखो दाव्यांच्या ढिगात एका टायरचं काय! पण बॉयडेन यांनी जुने दावे काढले. शोधत शोधत ते 1992 पर्यंत मागे गेले. एकाच प्रकारच्या टायरची एकवीस प्रकरणं निघाली, आणि त्यांतल्या चौदा गाड्या एकाच नावाच्या होत्या: फोर्ड एक्सप्लोरर.

एक्सप्लोरर 1990 साली बाजारात आली आणि बघता बघता अमेरिकेतली सर्वांत खपाची एसयूव्ही झाली. मूळ सांगाडा छोट्या ट्रकचा, पण आतून घरासारखी ऐसपैस. मागे मुलं, त्यांच्या सायकली, कुत्रा, सुट्टीचं सामान. उंच बसायला मिळतं, समोरचा रस्ता दूरवर दिसतो, लहान मोटारी खाली राहतात. म्हणून आईवडिलांना वाटे की मुलाबाळांसाठी हीच गाडी सुरक्षित. मात्र या उंचीमुळेच गाडीचा गुरुत्वमध्य वर जातो. बाजारात येण्यापूर्वीच्या चाचण्यांत ही गाडी झटक्याच्या वळणावर एका बाजूची चाकं उचलते, हे फोर्डच्या अभियंत्यांना दिसलं होतं. पुढे उघड झालेल्या कागदपत्रांनुसार त्यावर जे उपाय चर्चेला आले, त्यांत टायरची हवा कमी ठेवण्याचाही एक उपाय होता. मालकाच्या पुस्तिकेत हवेचा आकडा छापला गेला 26. नंतर वाद पेटल्यावर फायरस्टोनने सांगितलं, 30 ठेवा.

चार आकड्यांनी काय बिघडतं? बिघडतं ते उन्हाळ्यात. हवा कमी असली की टायरच्या कडा प्रत्येक फेऱ्याला जास्त दबतात, आणि दबणं-सुटणं जितकं जास्त, तितकी आतली उष्णता वाढते. टायरच्या पोटात पोलादी तारांचे दोन पट्टे एकावर एक बसवलेले असतात. त्यांच्यामधलं रबर तापून, थकून, बारीक तडे जाऊन सुटू लागलं, तर बाहेरून काही दिसत नाही. हवा तशीच असते, नक्षीही शाबूत असते. मग टेक्सासच्या किंवा ॲरिझोनाच्या महामार्गावर भर उन्हात, गाडीत माणसं आणि टपावर सामान असताना, ताशी शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या वेगात वरचा अख्खा पट्टा सोलून निघतो. मागचं चाक असं सोललं की गाडी एका अंगाला ओढली जाते. चालवणारा घाबरून स्टिअरिंग उलट फिरवतो, आणि उंच गाडी कोलांटते.

त्या एकवीस दाव्यांमागे वेगवेगळी घरं होती. ती एकमेकांना ओळखत नव्हती. अशा घरांना पहिला प्रश्न कोणता येतो, तो आपल्यालाही ठाऊक आहे. हवा तपासली होती का? सामान जास्त भरलं होतं का? दगडावरून, खड्ड्यावरून गेला होतात का? वेग किती होता? या प्रश्नांना कोणाकडेही पूर्ण निर्दोष उत्तर नसतं. कधीतरी हवा तपासायची राहिलेली असतेच, एखादा खड्डा बसलेला असतोच. मग माणूस मान खाली घालतो आणि नुकसानभरपाईचा अर्ज भरतो. गॅरेजवालाही खोटं बोलत नाही. त्याच्याकडे आलेला टायर हा त्याच्यापुरता एकच टायर असतो. प्रत्येकाजवळ एकेक घटना, आणि एकट्या घटनेला कुणीही दैव म्हणू शकतं.

बॉयडेन यांनी आपली एकवीस प्रकरणं मांडून वाहनसुरक्षेचं काम पाहणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेला ईमेल पाठवला. एनएचटीएसए हे तिचं नाव. पुढच्या वर्षी आणखी प्रकरणं सापडली, तीही कळवली. संस्थेने तपास उघडला नाही. रस्त्यावर त्या जातीचे कोट्यवधी टायर धावत होते, त्यात एकवीस ही संख्या नगण्य वाटली. या संस्थेतली सगळी माणसं बेफिकीर होती, असं मला वाटत नाही. पण एकवीस हा आकडा एका विमा कंपनीचा होता. इतर विमा कंपन्यांच्या कपाटांत किती, टायर बनवणाऱ्याच्या दप्तरात किती, न्यायालयांत किती, हे कुणीतरी विचारायला हवं होतं. तो प्रश्न विचारण्याचं काम त्या संस्थेचंच होतं, आणि जवळजवळ दोन वर्षं तो विचारला गेला नाही.

उत्तर तर अनेकांच्या घरात पडून होतं. नुकसानभरपाईचे खटले लढवणाऱ्या काही वकिलांना 1996 पासूनच या टायरांचा संशय होता. त्यांच्याजवळ मृत्यूंची प्रकरणं होती. त्यांनी सरकारला कळवलं नाही. सरकारने घाईने तपास करून दोष नाही असं म्हटलं, तर आपले खटले कमजोर होतील, ही त्यांची भीती. टायर कंपनीने खटले तडजोडीने मिटवले, आणि अशा तडजोडींत कागद बंद ठेवण्याची अट घालण्याची तिकडे पद्धत होती. एका कुटुंबाला पैसे मिळत, आणि दुसऱ्या कुटुंबाला कळू शकली असती ती गोष्ट पाकिटात बंद होई. या सबंध प्रकरणातली मला सर्वांत जास्त अस्वस्थ करणारी जागा हीच आहे. ज्यांनी दुःख जवळून पाहिलं, ज्यांचं काम त्या दुःखाची बाजू मांडण्याचं, त्यांनीच पुढच्या माणसाला सावध करण्याचं लांबवलं.

समुद्रापलीकडे तर दोष जवळजवळ मान्यच झाला होता. 1999 च्या ऑगस्टमध्ये फोर्डने सौदी अरेबिया आणि आखातातल्या इतर देशांत एक्सप्लोररचे टायर स्वखर्चाने बदलून द्यायला सुरुवात केली. तिथल्या वाळवंटात, तिथल्या वेगात टायर टिकत नव्हते. पुढे व्हेनेझुएलातही तेच झालं. परदेशातली ही मोहीम अमेरिकी सरकारला कळवण्याची सक्ती तेव्हाच्या कायद्यात नव्हती. म्हणून ती कळवली गेली नाही. रियाधमधल्या मालकाला नवा टायर, आणि ह्यूस्टनमधल्या मालकाला पुस्तिकेतला तोच 26 चा आकडा.

मौन फुटलं ते ह्यूस्टनमध्येच. केएचओयू या स्थानिक दूरचित्रवाणी वाहिनीने 2000 च्या फेब्रुवारीत या टायरांवर एक वृत्त दाखवलं. टायर कंपनीने रागाचं पत्र पाठवलं. पण लोकांचे फोन सुरू झाले, वाहिनीकडेही आणि सरकारकडेही. आमचाही टायर असाच सुटला होता. आम्ही समजत होतो आमचीच चूक. माझी बहीण, माझा मुलगा. वर्षानुवर्षं स्वतःला दोष देत बसलेली माणसं पहिल्यांदा एकमेकांचा आवाज ऐकत होती. मे महिन्यात एनएचटीएसएने तपास उघडला आणि 9 ऑगस्ट 2000 रोजी फायरस्टोनने पासष्ट लाख टायर परत बोलावले.

त्या ऑगस्टमध्ये लाखो लोक आपल्या गाडीच्या चाकाशी उकिडवे बसून टायरच्या कडेवरची बारीक अक्षरं वाचत होते. सांकेतिक क्रमांकात व्ही आणि डी ही अक्षरं असली, की टायर फायरस्टोनच्या डिकेटरमधल्या, संशयातल्या कारखान्यातला. नवे टायर पुरेनात. उष्ण राज्यांना आधी, म्हणून ॲरिझोना, कॅलिफोर्निया, फ्लोरिडा आणि टेक्सास यांचा पहिला क्रम लागला. फोर्डने आपले तीन कारखाने काही काळ थांबवून नव्या गाड्यांचे टायर जुन्या गाड्यांकडे वळवले. ज्या कामाला दोन वर्षं कुणाला सवड नव्हती, त्यासाठी आता कारखाने बंद ठेवावे लागले.

डिकेटर हेही इलिनॉयमधलंच गाव, ब्लूमिंग्टनपासून फार लांब नाही. 1994 ते 1996 या काळात तिथे कामगारांशी मोठा झगडा झाला होता. संप झाला, आणि कंपनीने संपकऱ्यांच्या जागी बदली माणसं घेतली. पुढे ॲलन क्रूगर आणि अलेक्झांडर मास या अर्थशास्त्रज्ञांनी आकडे तपासले, तेव्हा या झगड्याच्या काळात तिथे तयार झालेले टायर जास्त सदोष निघाल्याचं त्यांना आढळलं. संप मोडला, म्हणजे प्रश्न मिटला, असं व्यवस्थापनाला वाटलं असावं. तो प्रश्न टायरच्या थरांत बसून टेक्सासच्या रस्त्यावर पोचला.

मग दोन्ही कंपन्या एकमेकांकडे बोट दाखवू लागल्या. फोर्ड म्हणे दोष टायरचा. फायरस्टोन म्हणे गाडीचाही. या कंपन्यांचे संस्थापक हेन्री फोर्ड आणि हार्वे फायरस्टोन हे जिवलग मित्र. एकाच्या नातवाचं दुसऱ्याच्या नातीशी लग्न झालेलं, आणि त्या जोडप्याचा मुलगा तेव्हा फोर्डच्या संचालक मंडळाचा अध्यक्ष. तरी 2001 च्या मेमध्ये फायरस्टोनने जवळजवळ शंभर वर्षांचा व्यवहार तोडला, आणि फोर्डने आणखी एक कोटी तीस लाख टायर बदलण्याचं जाहीर केलं. एक्सप्लोररच्या रचनेची चौकशी करण्याची फायरस्टोनची मागणी सरकारने 2002 मध्ये फेटाळली. डिकेटरचा कारखाना त्याआधीच बंद झाला होता. या टायरांशी जोडलेले मृत्यू सरकारी हिशेबात एकट्या अमेरिकेत 271 झाले.

271 मधले किती जण 1998 च्या जुलैनंतर गेले, हा विचार मनातून जात नाही.

1 नोव्हेंबर 2000 रोजी अमेरिकेत नवा कायदा झाला. वाहन आणि टायर बनवणाऱ्यांनी आपल्याकडे आलेले मृत्यूचे आणि दुखापतीचे दावे, तक्रारी, वॉरंटीची कामं ठरावीक काळाने सरकारला कळवायची. परदेशात टायर बदलून दिले, तरी ते कळवायचं. हवा कमी झाली की डॅशबोर्डवर दिवा लागण्याची सक्ती याच कायद्यातून आली. बॉयडेन यांनी एका सहकाऱ्याच्या चौकशीवरून जे केलं, ते आता कंपन्यांना नियमाने करावं लागतं.

आपल्याकडे ही गोष्ट दूरची वाटायचं कारण नाही. समृद्धी महामार्गावर उन्हाळ्यात टायर फुटून अपघात झाले, तेव्हा परिवहन खात्याला प्रवेशापाशीच टायर तपासायची वेळ आली. भारतात बरीच वर्षं रिकॉल, म्हणजे सदोष वाहनं परत बोलावणं, हा कंपनीच्या मर्जीचा मामला होता. मोटार वाहन कायद्यातल्या कलम 110 अ प्रमाणे 1 एप्रिल 2021 पासून सरकार तो सक्तीने करवू शकतं. सात वर्षांपर्यंतच्या वाहनाबद्दल मालक सरकारच्या 'वाहन' या पोर्टलवर तक्रार नोंदवू शकतो, आणि विक्रीच्या प्रमाणात ठरवून दिलेल्या संख्येइतक्या तक्रारी जमल्या की चौकशीची पायरी येते. म्हणजे आपल्या कायद्याने बेरीज मान्य केली आहे. आकडे मात्र मालकांनी द्यायचे आहेत.

आणि आपण ते कुठे देतो? ब्रेकचं पेडल अधूनमधून खाली जातं, धावत्या गाडीचं इंजिन बंद पडतं, एअरबॅगचा दिवा विझत नाही, हे आपण सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर सांगतो. पलीकडचा मुलगा नम्रपणे म्हणतो, "सर, या मॉडेलला सगळ्यांनाच असतं." आपलं समाधान होतं, चला, आपल्याच गाडीत खोट नाही. खरं तर सगळ्यांना असतं म्हणूनच ते लिहून द्यायला हवं. जॉब कार्डवर आपल्या शब्दांत तक्रार लिहायला लावावी, त्याची प्रत मागून घ्यावी, गाडीचा चॅसी क्रमांक आणि किलोमीटरचा आकडा टाकून तीच तक्रार पोर्टलवर घालावी. टायर असेल तर त्याच्या कडेवरचा पूर्ण सांकेतिक क्रमांकही द्यावा. कारखाना आणि बनल्याचा आठवडा त्यातूनच कळतो. गाडी जुनी घेतली असेल तर आरसी नावावर होताच कंपनीकडे आपला पत्ता आणि फोन नोंदवावा, कारण रिकॉलचं पत्र पहिल्या मालकाच्या घरी जातं आणि तो ते फाडून टाकतो. रिकॉलमधली दुरुस्ती फुकट असते. गाडी नेऊन उभी करायची तेवढीच तसदी असते.