सही न करणारा बाप

रोजनिशी कुणासाठीच लिहिलेली नसते म्हणून ती खरी, असा आपला एक समज आहे. वाचक समोर आला की लेखणी सावरून बसते. आणि तो वाचक पोटचे पोर असेल, तर बाप दुःखावर पांघरूण घालणारच. हा संशय निराधार नाही. तरीही दुसऱ्या महायुद्धातल्या एका इटालियन कैद्याचे लेखन पाहिले की वाटते, लिहिणाऱ्याला जबाब द्यायला लावण्याची जी ताकद लहान मुलात असते, ती कोऱ्या वहीत नसते.

हा कैदी म्हणजे जोव्हान्नीनो ग्वारेस्की. खेड्यातला पाद्री आणि तिथला कम्युनिस्ट महापौर यांच्या भांडणांच्या गोष्टींनी ते पुढे जगभर गाजले. ८ सप्टेंबर १९४३ रोजी इटलीने दोस्त राष्ट्रांशी केलेला युद्धविराम जाहीर झाला आणि कालचा मित्र जर्मनी एका रात्रीत वैरी झाला. दुसऱ्याच दिवशी तोफखान्यातले अधिकारी ग्वारेस्की पकडले गेले. पोलंडमधल्या आणि मग जर्मनीतल्या छावण्यांत त्यांची दीड वर्षाहून अधिक काळ फरफट झाली. त्यांच्यासारखे ६ लाखांहून अधिक इटालियन सैनिक जर्मनांच्या ताब्यात होते. पण त्यांना युद्धकैदी म्हणायला हिटलरचे सरकार तयार नव्हते. ‘लष्करी नजरबंद’ असा नवाच शब्द काढला गेला. शब्दाचा हा खेळ कागदावरचा नव्हता. युद्धकैद्याला जिनिव्हा करार आणि रेड क्रॉस यांचा आधार असतो, तो या एका शब्दाने काढून घेतला.

सुटकेची वाट मात्र होती, आणि माझ्या मते साऱ्या प्रकरणाचा गाभा इथेच आहे. हिटलरसाठी किंवा मुसोलिनीच्या नव्या प्रजासत्ताकासाठी लढायची तयारी दाखवून सही केली, की उपासमारीतून सुटका. बहुसंख्यांनी ती सही केली नाही. ग्वारेस्कींनीही नाही. घरी १९४० साली जन्मलेला आल्बेर्तो होता, आणि नोव्हेंबर १९४३ मध्ये, बाप तारेच्या कुंपणाआड असताना, कार्लोत्ता जन्मली. आता कुणी विचारील, आणि रास्तपणे विचारील, की बापाचे पहिले कर्तव्य कोणते? जिवंत घरी परतणे की तत्त्व सांभाळणे? सही करण्याच्या बाजूने त्या दोन लेकरांहून मोठे कारण असूच शकत नव्हते. म्हणूनच लेकरांसाठी लिहिणे हा इथे विरंगुळा उरत नाही. ज्यांच्यासाठी परतायला हवे होते, त्यांनाच न परतण्याचा हिशेब द्यायचा होता.

तो हिशेब डिसेंबर १९४४ मध्ये झांडबोस्टेलच्या छावणीत एका परीकथेच्या रूपाने उतरला. आर्तुरो कोप्पोला या सहकैद्याने तिला संगीत दिले आणि नाताळात ती बराकीत सादर झाली. नायक आल्बेर्तिनो, म्हणजे खुद्द छोटा आल्बेर्तोच. आजी, फ्लिक नावाचा कुत्रा आणि एक काजवा यांना घेऊन तो रात्री बापाला शोधायला निघतो. भेट होते ती घरी नाही आणि छावणीतही नाही. दोन जगांच्या मधल्या अरण्यात. मग दोघे आपापल्या वाटेने परततात. एवढेच? हो. पण कल्पनेत कोण कुणाला अडवणार होते! बापाला थेट घराच्या उंबऱ्यापर्यंत आणून पोचवणे लेखकाला सहज जमले असते. त्याने ते केले नाही. गोड गोष्टीतसुद्धा त्याने स्वतःला छावणीतून सोडवले नाही, आणि मुलालाही आत येऊ दिले नाही. ज्याला आपण पांघरूण म्हणतो, त्याच्या खाली सत्य असे शाबूत आहे.

इतिहासकाराचा आक्षेप याहून वजनदार आहे. भूक किती, भाकरी किती, कोण कधी मेला, हे परीकथा सांगत नाही. त्यासाठी नोंदवहीच लागते. हे मान्यच करावे लागेल. ग्वारेस्कींनीही नोंदी ठेवल्या होत्या. पण १९४९ साली ‘गुप्त रोजनिशी’ छापताना त्यांनी त्या नोंदी बाजूला सारल्या आणि बराकीबराकीतून सोबत्यांना जे वाचून दाखवले होते, तेच निवडले. म्हणजे ऐकणाऱ्यांच्या कसोटीला उतरलेले तेवढेच. उपाशी श्रोत्यांपुढे उपासमारीबद्दल थाप मारणे सोपे नसते, हेही ध्यानात घ्यावे. नोंदवही सांगते कैद्याचे काय झाले. मुलासाठी लिहिलेले पान सांगते की त्याने स्वतःचे काय होऊ दिले नाही. नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिले गेलेले ‘श्यामची आई’ वाचताना आपण तुरुंगातल्या जेवणाचा तपशील कुठे शोधतो?

दोन्ही प्रकारचे लेखन हवे, इतकेच नव्हे, तर एकावाचून दुसरे अपुरे वाचले जाते. कुमारांसाठी असलेले म्हणून यातले एक कपाटाच्या खालच्या फळीवर ढकलण्याची आपली सवय मात्र चुकीची आहे.

ग्वारेस्की सप्टेंबर १९४५ मध्ये घरी पोचले, तेव्हा कार्लोत्ता पावणेदोन वर्षांची होती. त्यांनी बाजूला सारलेल्या छावणीतल्या नोंदी पुस्तकरूपाने आल्या त्या २००८ साली, त्यांच्या मृत्यूनंतर चाळीस वर्षांनी.