शतयूपाचा आश्रम आणि आजचा वृद्धाश्रम



श्रीमद्भगवद्गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची साधने सांगताना श्रीभगवंतांनी जन्म, मृत्यू, जरा व व्याधी यांतील दुःखाचे चिंतन करावे, पुत्र, स्त्री व गृह यांत गुंतून पडू नये, असे सांगितले आहे. लगेच पुढे एकांताची आवड आणि जनसमुदायाची नावड यांचीही गणना केली आहे. यावर एखादा गृहस्थ सहज विचारील की, उतारवयात एकांत सेवावा हेच जर शास्त्र, तर पन्नास-शंभर अनोळखी वृद्धांनी एका वास्तूत राहावे, एका पंक्तीस बसावे, एकत्र भजन करावे, यात कसला आला वानप्रस्थधर्म?

शंका रास्त आहे, आणि तिचे समाधान श्रीमत् शंकराचार्यांनी भाष्यात करून ठेवले आहे. ज्या जनसमुदायाची नावड असावी, तो संस्कारहीन व उद्धट लोकांचा होय. संस्कारयुक्त, विनयशील लोकांचा समुदाय त्याज्य नाही, कारण तो ज्ञानाला उपकारकच होतो, असा त्यांचा अभिप्राय आहे. दहाव्या अध्यायात तर भगवंतांचे भक्त परस्परांना बोध करीत, भगवत्कथा सांगत, त्यातच संतुष्ट राहतात, असे वर्णन आहे. तेव्हा प्रश्न लोकांत राहावे की न राहावे हा नाही; तो समुदाय कसा असावा, हा आहे.

त्याचे उत्तर महाभारताच्या आश्रमवासिक पर्वात सापडते. युद्धानंतर धृतराष्ट्र व गांधारी पंधरा वर्षे युधिष्ठिराच्या घरी राहिली. अन्न, वस्त्र, मानसन्मान कशाचीही उणीव नव्हती. परंतु भीमसेनाने, याच बाहूंनी मी आंधळ्याचे पुत्र मारले, अशी मर्मभेदक वाक्ये त्या दोघांच्या कानी पडतील अशी उच्चारली. युधिष्ठिराला याचा पत्ताही नव्हता. घरातील थोरला धर्मनिष्ठ असून पुरत नाही. एकाच्या एका शब्दाने पंधरा वर्षांचे अन्न कडू होते, हे प्रत्येक गृहस्थाने ध्यानी धरावे.

पुढे ती उभयता वनास निघाली. त्यांच्यासह विदुर व संजय गेले. आणि पुत्र राज्यावर असताना, त्यांनी परोपरीने विनविले असताही, कुंतीही गेली. केकय देशाचे राज्य पुत्राला देऊन कुरुक्षेत्री तप करणाऱ्या शतयूप राजर्षीच्या आश्रमात ही मंडळी राहिली, आणि शतयूपाने त्यांना तेथील विधी शिकविला. आपल्या वाङ्मयातील वृद्धांच्या सहनिवासाचे हे एक फार जुने चित्र होय. त्यात विशेष कोणता? खाचखळग्यांच्या वाटेवर अंध राजाचा हात संजय धरी, आणि डोळ्यांस पट्टी बांधलेल्या गांधारीचा हात कुंती धरी. ज्या संजयाने गीता ऐकविली, तोच अखेरीस वाट दाखविणारा झाला. आणि जिच्या मुलांनी गांधारीचे शंभर पुत्र मारले, तीच कुंती गांधारीचे नेत्र झाली. एकाच छपराखाली राहिल्याने समाज होत नाही. कोणी कोणाचा हात धरावा हे जेथे ठरते, तेथे समाज होतो.

आता आपल्या काळाकडे वळू. पुण्यातील डेव्हिड ससून अनाथ पंगुगृह, ज्याला आज लोक ‘निवारा’ म्हणून ओळखतात, १८६३ पासून निराधारांना आश्रय देत आले आहे. २०११ च्या जनगणनेत आपल्या देशात साठी उलटलेल्यांची संख्या १० कोटींहून अधिक भरली. २००७ च्या मातापिता व ज्येष्ठ नागरिक कायद्याने अन्न, वस्त्र, निवास आणि औषधोपचार एवढ्यांचा निर्वाहात अंतर्भाव केला, व प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निर्धन वृद्धांची सोय होईल असा एक तरी वृद्धाश्रम राज्य सरकारांनी उभारावा, असे सुचविले. जबलपूरच्या घमापुरासारख्या वस्तीत या गोष्टीचा अर्थ कळतो. या नगरात तोफगाड्यांचा सरकारी कारखाना १९०४ साली निघाला. अशा कारखान्यांच्या नोकरीवर कितीतरी कुटुंबे, त्यांत मराठीही, येथे स्थिरावली. आज त्यांतील अनेकांची मुले पोटापाण्यासाठी दूर देशी आहेत, आणि निवृत्त आईबापांनी राहावे कोठे, हा प्रश्न चांगल्या घरांतही उभा आहे. त्यांना नुसते दोष देऊन तो सुटत नाही.

कायदा चार गोष्टी देऊ शकतो. हात धरण्याची आज्ञा तो देऊ शकत नाही. ते काम निवासातील मंडळींचे. कर्मावाचून क्षणभरही कोणी राहू शकत नाही, असे भगवान् तिसऱ्या अध्यायात सांगतात. वृद्ध त्याला अपवाद नाहीत. ज्याला दिसते त्याने दृष्टी अधू झालेल्याला वर्तमानपत्र व पोथी वाचून दाखवावी. जिचे हात चालतात तिने फुलवाती कराव्यात, तांदूळ निवडावेत. ज्याला चालवते त्याने तुळशीला पाणी घालावे आणि शेजारच्या खाटेवरील माणसाला चार पावले फिरवून आणावे. ज्याला यातील काहीच होत नाही, त्याने हाक मारणाऱ्याला गोड शब्दाने ओ द्यावी. तोही यज्ञच होय. सायंकाळी सर्वांनी मिळून नामस्मरण करावे, आणि त्या वेळी सुनेची उणीदुणी निघू नयेत. संचालकांनीही वृद्धांना केवळ बसवून ठेवणे ही सेवा मानू नये. ज्याच्याकडून काहीच मागितले जात नाही, तो माणूस आतून लवकर वाळतो.

आणि पुत्रांचे कर्तव्य? तेही त्याच पर्वात आहे. पांडव भेटीस गेले तेव्हा ही वृद्ध मंडळी यमुनेवरून पाण्याचे कलश घेऊन येत होती. सहदेव धावत जाऊन मातेचे पाय धरून रडला. आणि पांडवांनी सर्वांचे कलश स्वतःच्या हाती घेतले. नंतर ते तेथे महिनाभराहून अधिक राहिले. आपण मात्र फळांची पिशवी ठेवतो, घड्याळ पाहतो, महिन्याचे पैसे पोहोचले ना एवढे विचारून निघतो. पैसे पोहोचलेच पाहिजेत. पण पैसे हे अन्न आहे, कलश उचलणे नव्हे. ज्याचे आईबाप वृद्धाश्रमात असतील त्याने तेथे जाऊन एक दिवस त्यांच्या पंक्तीस जेवावे, त्यांच्या सोबत्यांची नावे जाणावीत, आणि ज्याला भेटावयास कोणीच येत नाही अशा एकाच्या तरी हातचा कलश आपल्या हाती घ्यावा. ज्याचे आईबाप घरीच असतील, त्याने भीमाची वाणी आपल्या उंबरठ्याआत येऊ देऊ नये.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥