झावळीची पालथी बाजू

रत्नागिरीच्या माडबागांत एखादी झावळी वरून काजळी धरल्यासारखी काळी पडते, तेव्हा मूळ दुखणे बहुधा तिच्या वरच्या झावळीत असते; कारण तेथे पानाच्या पालथ्या बाजूस बसलेली पांढरी माशी रस शोषून चिकट, गोडसर स्राव खाली सोडते आणि त्यावर काळी बुरशी वाढते. पाती उलटून पाहिल्यास मेणचट पांढरी वळणे गोल फिरत गेलेली दिसतात व त्यांत अंडी असतात, म्हणून या किडीला चक्राकार पांढरी माशी म्हणतात. मूळची मध्य अमेरिकेतील ही कीड भारतात २०१६ मध्ये तमिळनाडूत पोल्लाचीला आढळली.

खरी काळजी वाटते ती घाईच्या फवारणीची. एन्कार्सिया हा अतिसूक्ष्म मित्रकीटक माशीच्या पिलांत अंडी घालतो आणि त्याची अळी त्यांना आतून खाऊन संपवते. जहाल कीटकनाशकाने हा परोपजीवी, म्हणजे दुसऱ्या कीटकावर वाढणारा जीवही मरतो. त्यापेक्षा लहान माडांना पानांखालून पाण्याचा जोरदार फवारा द्यावा, पिवळे चिकट सापळे लावावेत आणि भाट्ये येथील प्रादेशिक नारळ संशोधन केंद्राचा सल्ला घ्यावा. काजळीवर लिटरभर पाण्यात १० ग्रॅम स्टार्च मिसळून फवारले, की ती वाळून पापुद्र्यासारखी सुटते आणि खालचे हिरवे पान पुन्हा उन्हाला लागते.