कीर्तीची सनद आणि मताचे वजन

प्रसिद्ध व्यक्तींच्या राजकीय मतांकडे समाजाने लक्ष द्यावे की नाही, हा वाद चिघळतो तो बहुधा दोन निराळ्या हक्कांची गल्लत झाल्यामुळे. मत मांडण्याचा हक्क नागरिकत्वातून येतो आणि तो नटाला, गायिकेला, क्रिकेटपटूला इतर कोणाइतकाच असतो. आपल्या मताकडे इतरांनी कान द्यावा हा हक्क मात्र कोणालाच आपोआप मिळत नाही, तो विषयागणिक नव्याने कमवावा लागतो. कीर्तीमुळे हा दुसरा हक्क आधीच कमावला गेल्याचा भास होतो, कारण ऐकणारे जमलेलेच असतात आणि ते कशासाठी जमले होते, हे विचारण्याचे भान फारसे कोणाला राहत नाही.

फेब्रुवारी २०२१मध्ये या गल्लतीचा ठळक नमुना पाहायला मिळाला. पॉपगायिका रिहाना हिने दिल्लीच्या सीमेवरील शेतकरी आंदोलनाविषयी ट्विटरवर एका ओळीचा प्रश्न विचारला, त्यावर सचिन तेंडुलकर, लता मंगेशकर आणि अनेक चित्रपट कलावंतांनी देशाच्या एकतेचा हवाला देत उत्तरे दिली, आणि त्यांतील काही कलावंत-खेळाडूंच्या संदेशांतले शब्द तंतोतंत सारखे असल्याने महाराष्ट्राचे तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी चौकशीची घोषणा केली. चौकशी या दोन भारतरत्नांची नव्हे, असा खुलासाही पुढे त्यांना करावा लागला. या साऱ्या गदारोळात मूळ विषय, म्हणजे सप्टेंबर २०२०चे तीन कृषी कायदे, पार मागे पडला. कोण बोलले याचीच मोजदाद चालली आणि काय बोलले हे तपासण्याजोगे त्या संदेशांत फारसे काही नव्हतेच. शब्द सारखे असणे हा गुन्हा नव्हे, पण त्यातून एवढे कळते की प्रसिद्ध माणूस पुष्कळदा मताचा धनी नसतो, वाहक असतो, आणि वाहकाचे मत ऐकताना ते निघाले कोठून हे विचारणे श्रोत्याला भागच असते.

वाहक असणे नेहमीच कमीपणाचे मात्र नसते. सध्याच्या सातारा व सांगली जिल्ह्यांत आणि थोडे विजापूरकडे विखुरलेल्या औंध संस्थानाचा इतिहास या बाबतीत फार बोलका आहे. सुमारे ७२ गावांच्या या छोट्या संस्थानाचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) हे त्या काळाच्या मापाने प्रसिद्धीच्या शिखरावरचे गृहस्थ होते: चित्रकार, कीर्तनकार, १९३५च्या इंदूर साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे आश्रयदाते आणि सूर्यनमस्काराचे अथक प्रचारक. हा व्यायाम त्यांनी संस्थानातील शाळांत सक्तीचा केला होता. त्यांचे म्हणणे लोक ऐकत, पण त्या ऐकण्यात श्रद्धा किती, आवड किती आणि गादीचा धाक किती, हे वेगळे करून सांगणे अवघड आहे. राजा स्वतः कीर्तनाला उभा असताना प्रजेपैकी मध्येच उठून कोण जाणार?

अशा राजाने १९३८च्या अखेरीस आपली सत्ता प्रजेच्या हाती सोपवण्याचे जाहीर केले आणि २१ जानेवारी १९३९ रोजी औंधची स्वराज्य राज्यघटना अमलात आली. या घोषणेमागची कल्पना राजाच्या एकट्याच्या डोक्यातून निघालेली नव्हती. मॉरिस फ्रीडमन हा पोलंडमध्ये जन्मलेला, भारतात येऊन गांधीविचाराकडे वळलेला आणि सामान्य लोकांना अपरिचित असलेला अभियंता, परदेशात शिकून बॅरिस्टर होऊन आलेले राजपुत्र आप्पासाहेब पंत आणि सेवाग्रामहून सल्ला देणारे गांधीजी, अशा तिघांच्या विचारविनिमयातून मसुदा आकाराला आला. गावातील प्रौढांनी निवडलेली पाच जणांची पंचायत, पंचायतींवर तालुका समिती आणि तिच्यावर विधिमंडळ, अशी खालून वर जाणारी रचना त्यात होती, आणि न्यायदानाचे कामही मोठ्या प्रमाणात गावातच व्हावे असा तिचा रोख होता. आटपाडीजवळची स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत याच वातावरणात निघाली आणि पुढे व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ला (१९५७) ती आधारभूत ठरली.

येथे राजाच्या मताला वजन आले ते कशामुळे, हे बारकाईने पाहायला हवे. राज्यशास्त्राचा व्यासंग म्हणावा तर तो फ्रीडमन व आप्पासाहेबांकडे अधिक होता, आणि नैतिक अधिकार गांधीजींकडे. राजाकडे जे होते ते त्याने पणाला लावले. ज्या गादीमुळे लोक त्याचे ऐकत होते तीच गादी हलकी करणारे मत त्याने उचलून धरले आणि त्याच मताच्या बळावर उद्या कोणा शेतकऱ्याने पंचायतीत उभे राहून त्याला उलट विचारावे, अशी सोय केली. कीर्ती वापरून लोकांना गप्प करता येते, तशी ती वापरून त्यांना बोलतेही करता येते. बाळासाहेबांनी दुसरा मार्ग पत्करला. सूर्यनमस्काराची सक्ती आणि स्वराज्याची सनद एकाच हाताने निघाल्या, हा विरोधाभास त्यांच्या चरित्रात तसाच राहतो आणि तो झाकण्याचे कारण नाही. ८ मार्च १९४८ला संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि प्रयोग दहा वर्षांच्या आतच थांबला.

स्वतःचे काही पणाला लावणे ही कसोटी लावली, की औंधपासून फार लांब नसलेल्या कराडच्या १९७५च्या साहित्य संमेलनाचेही महत्त्व ध्यानात येते. आणीबाणी चालू होती, कराड हे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण यांचे गाव, आणि तेथे अध्यक्षपदावरून दुर्गा भागवत यांनी आजारी जयप्रकाश नारायण यांच्यासाठी प्रार्थनेचे आवाहन केले व लेखनस्वातंत्र्याच्या गळचेपीविरुद्ध त्या बोलल्या. पुढे त्यांना अटक झाली. त्यांच्या मताला दुहेरी आधार होता: अभिव्यक्तीचा प्रश्न लेखिका म्हणून त्यांच्या स्वतःच्या कामाचा होता आणि बोलण्याची किंमत त्यांनाच मोजायची होती. पु. ल. देशपांडे १९७७च्या निवडणुकीत जनता पक्षासाठी प्रचारसभांतून बोलले आणि निकालानंतर कोणतेही पद न घेता आपल्या कामाकडे वळले, हेही येथे नोंदवण्याजोगे आहे, कारण मताच्या मोबदल्यात काय मिळाले हा प्रश्न श्रोत्याने विचारायचाच असतो.

मात्र किंमत मोजल्याने मत बरोबर ठरत नाही. जानेवारी २०२२मध्ये साताऱ्याचे अभिनेते किरण माने यांना ‘मुलगी झाली हो’ या मालिकेतून काढण्यात आले तेव्हा राजकीय मतांमुळे आपल्यावर कारवाई झाल्याचे त्यांनी म्हटले, तर निर्मात्यांनी सेटवरील वर्तनाचे कारण पुढे केले. खरे कारण कोणतेही असो, मतासाठी कोणाची रोजीरोटी जाऊ नये, हे तत्त्व त्यांच्या मतांशी सहमत नसलेल्यालाही मान्य करावे लागेल. संरक्षण हे सर्व मतांना द्यायचे असते, लक्ष मात्र निवडून द्यायचे असते.

आणि लक्ष ही वस्तू मुळात मर्यादित असल्यामुळे, ते एकीकडे गेले की दुसरीकडून काढून घेतले जाते. २०२१च्या त्या फेब्रुवारीत तीन कृषी कायद्यांपैकी एक शेतमालाचा व्यापार बाजार समितीच्या, म्हणजे नियंत्रित बाजारपेठेच्या, आवाराबाहेर खुला करू पाहत होता. महाराष्ट्राने मात्र फळे व भाजीपाला २०१६मध्येच त्या नियंत्रणातून मोकळा केला होता. जुन्या औंध संस्थानातले आटपाडी हे डाळिंबाचे गाव. तेथील बागायतदाराला समितीबाहेरची विक्री म्हणजे काय, याचा चार-साडेचार वर्षांचा अनुभव गाठीशी होता. व्यापारी बागेत येऊन माल उचलतो तेव्हा भाव कोण ठरवतो, आडत म्हणजे मध्यस्थाची दलाली खरोखर सुटते की दुसऱ्या नावाने कापली जाते, तोलाईत काय होते, पैसे थकले तर दाद कोठे मागायची, हे तो सांगू शकला असता. त्या आठवड्यात वाहिन्यांचे कॅमेरे मात्र मुंबईतील प्रसिद्धांच्या घरांच्या फाटकांपाशी उभे होते.