न कापण्याचे कर्म

गीतेच्या चौथ्या अध्यायातला कर्म-अकर्माचा पेच ब्राझीलमधल्या साओ पावलोत शल्यविशारद डॉ. अँजेलिता हाब्र-गामा यांच्यापुढे उभा राहिला. किरणोपचार आणि केमोथेरपीने गुदाशयातली कर्करोगाची गाठ पूर्ण नाहीशी झाली, तर तो अवयव कापायचा कशासाठी? २००४ मध्ये त्यांनी २६५ रुग्णांचा अभ्यास मांडला. त्यांतल्या ७१ जणांवर शस्त्रक्रिया न करता फक्त लक्ष ठेवले होते.

हे हातावर हात ठेवून बसणे नव्हे.

शस्त्रक्रिया टाळलेल्यांत एकंदरीत सुमारे चौघांतल्या एकाची गाठ पुन्हा उगवते, म्हणून दुर्बिणीची तपासणी आणि एमआरआय वर्षानुवर्षे चालतात. मलविसर्जनासाठीची पोटावरची पिशवी टळू शकते, टांगती तलवार मात्र राहते. देह अखंड राखण्यासाठी किती अनिश्चितता सोसायची, हे रुग्णानेच ठरवायला हवे. गाठ परतलीच, तर बहुतेकांवर तेव्हाही शस्त्रक्रिया करता येते.